दगडावरची मोकळी जागा

वात जरा खाली घ्या, काच काळी पडतेय. गोष्ट तशी भर दुपारची आहे. भुतांनी वेळ पाळलीच पाहिजे असा नियम निदान आमच्या कचेरीत तरी नव्हता.

त्या दिवशी मी आईला दगड दाखवायला नेलं. दाखवायला म्हणजे चाचपायला. तिची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावाबाहेरच्या जुन्या रणभूमीवर आता बाग आहे. तोफेवर मुलं घसरगुंडी खेळतात आणि मधोमध, पडलेल्या सैनिकांच्या नावांचा काळा दगड उभा आहे. त्यात दोन नावांच्या मध्ये एक जागा मोकळी होती. ती आमच्या दादाची. तो याच मैदानात लढला. परतला नाही, सापडलाही नाही. नावं गोळा करणारा माणूस घरी आला, तेव्हा आईने त्याला चहा दिला आणि विचारलं, "जो सापडला नाही, तो गेला कसा?" तो बिचारा उत्तर आणायला म्हणून उठला, तोही पुन्हा आला नाही. मी जन्मभर आवक-जावक सांभाळली. दादाची नुसती जावकच होती. पण आईने फाइल बंद होऊ दिली नाही. रोज रात्री दाराची कडी काढून ठेवायची.

अलीकडे तिचं अन्न तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, शरीर केव्हाच संपलंय, जीव कशात तरी अडकलाय. कशात, ते मला ठाऊक होतं. म्हणून तिला न विचारता मी पाथरवटाकडून त्या जागेत दादाचं नाव कोरून घेतलं. बोटांना कळलं की ती सुटेल, असं वाटलं.

"आजी, हे इथे," म्हणत पाथरवटाने तिचा हात अक्षरांवर ठेवला. ताजी, पांढरी, करकरीत अक्षरं. मला चष्म्यातून स्वच्छ दिसत होती.

आईचं बोट सावकाश फिरलं. वारा पडला होता. मुलांचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही. पाऊस नसताना उकरलेल्या ओल्या मातीचा वास येत होता.

"इथे काही नाही," ती म्हणाली.

"आई, नीट बघ..."

"तूच बघ, कचेरीतल्या साहेबा. डोळे मिटून बघ."

मी बोट ठेवलं. दगड गुळगुळीत होता. डोळे उघडले की नाव होतं, बोटाखाली नव्हतं. पाथरवटानेही हात फिरवला आणि छिन्नी पिशवीत टाकली.

"काका... हा दगड कोमट का लागतोय?" त्याने मला विचारलं.

थंडीचे दिवस. ऊन सकाळपासून नव्हतं.

"तापात त्याचं कपाळ असंच लागायचं," आई म्हणाली. तिने हात काढला नाही. "जा तू घरी. मी बसते याच्याजवळ."

तिला मी जवळजवळ उचलूनच आणलं. रात्री तिने आपण होऊन कडी लावायला सांगितली.

"इतकी वर्षं तो तिथे होता," ती म्हणाली, "आणि मी इथे दार उघडं ठेवून बसले. कोणी सांगितलं कसं नाही रे?"

पहाटे ती गेली. सासरहून आलेल्या माझ्या बहिणीने तिचे हात धुतले. उजव्या तर्जनीला दगडाची पूड होती. पुसली, तरी पुन्हा दिसली.

महिन्याने मी बागेत गेलो. अक्षरं आता बोटाला लागत होती. पण त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, जुन्या उंबरठ्यासारख्या. शेजारची जुनी नावं मात्र धारदार. मी पाथरवटाला बोलावून आणलं, त्याने कडांवरून बोट फिरवलं.

"काका, हात माझाच आहे... पण हे काल-परवाचं काम नाही. हे कोणीतरी जन्मभर कुरवाळलंय."

त्याने ते पुन्हा कोरलं. ते पुन्हा झिजलं. मग आम्ही नाद सोडला. मी तिकडे जाणंही सोडलं. दोघं तिथे आहेत, तर आपण मध्ये कशाला, असं म्हणून. घरी मी एकटाच. कडी लावतो आणि झोपतो.

आता वर घ्या ती वात. हे माझं बोट बघा. सकाळपासून तीनदा धुतलंय, पूड जात नाही... आणि बागेत मी गेल्या थंडीनंतर पाऊल टाकलेलं नाही.