ट्रेव्हरने बॉयलर गप्प केला तेव्हा

दिवा राहू दे चालू. भीती वाटते म्हणून नव्हे, मला अंधारात ग्लास सापडत नाही म्हणून. तुम्ही तिघं सोमवारपासून लोकांच्या घरी गॅसची कामं करायला जाणार, तेव्हा हे एकदा कानावर घातलेलं बरं. घडलंय आपल्या हल शहरातच. ज्याच्या बाबतीत घडलं तो ट्रेव्हर स्टॅदर्स रविवारी याच क्लबात, त्या खिडकीपाशी बसतो. जाऊन विचारा हवं तर. सांगायचा नाही.

सत्तावीस नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ट्रेव्हर सामान आणायला निघाला. आवाज अडवणाऱ्या रॉकवूलच्या सहा लाद्या, प्लायवूड, रबराची पट्टी आणि रुंद चिकटपट्टीचं एक रीळ. दुकानातल्या पोरीने गमतीत विचारलं, काका, ढोल-ताशे वाजवायला खोली बांधताय की काय? तो म्हणाला, नाही, बॉयलर गप्प करायचाय. आणि सुट्टे पैसे न घेताच बाहेर पडला.

आता असं बघा, त्याची बायको नोरीन एप्रिलमध्ये गेली. त्रेचाळीस वर्षांचा संसार. दफनाच्या दिवशी ट्रेव्हरच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, खंबीर माणूस. खंबीर कसला, बधिर झाला होता तो. दाढ काढायच्या आधी सुई टोचली की आपलाच गाल आपला वाटत नाही ना, तसं त्याचं सगळंच झालं होतं. जेवायचा, ताट धुवायचा, पुढच्या खोलीत खुर्चीत बसायचा.

टोचायचा तेवढा तो घर तापवणारा बॉयलर. आपलं पाणी जड, आत क्षार साचला की बॉयलर पेटताना आधी घुमतो, मग चहाच्या किटलीसारखा सूं करतो. म्हणूनच आपल्या धंद्यात म्हणतात, याला किटली लागली. ट्रेव्हरच्या बॉयलरला अशी लागली होती की शेजारच्या बेव्हलाही भिंतीतून ऐकू यायची. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला. आणि दर वेळी त्याला वाटायचं, नोरीनने चहा टाकला. क्षणभरच. मग आठवायचं. त्याची बायको दिवसातून दोनदा मरत होती, पोरांनो. त्याला ते थांबवायचं होतं, एवढंच.

ऑक्टोबरमध्ये त्याने मला बोलावलं होतं. मी म्हटलं, तीस वर्षांचा आहे, बदलून टाक. तर म्हणे नको, नोरीनने पसंत केलेला आहे, फक्त आवाज बंद कर. मी बजावलं त्याला. "भोवती पेटी ठोक हवी तर, पण त्याच्या मागच्या भिंतीतली हवेची जाळी बुजवू नकोस. हा जुना बॉयलर घरातली हवा खातो. उपाशी ठेवलास तर धूर खोलीत सोडेल. त्या धुराला ना रंग ना वास. बसल्या जागी जाशील, कळणारसुद्धा नाही."

"ऐकू येतंय मला," तो म्हणाला.

ऐकू येत होतं, आत शिरत नव्हतं. आपल्या लोकांची खोडच आहे ना, भिंतीत जाळी दिसली की गार वारं येतं म्हणून आधी चिंधी कोंबतील. ट्रेव्हरने चिंधी नाही कोंबली. त्या जाळीतून आवाज परसात जातो आणि खिडकीतून परत येतो, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्याने तिच्यावर चिकटपट्टी मारली. एकावर एक, तीन थर. त्याच विषारी धुराची सूचना देणारी डबी बॅटरी संपत आली म्हणून टुकटुक करत होती, तिची बॅटरी काढून आधीच खणात टाकली होती. तोही आवाजच की.

मग स्वयंपाकघरातला बॉयलर आणि ती जाळी दोन्ही आत घेऊन पेटी बसवली. आठ स्क्रू. त्यांच्या डोक्यांवर लांबी भरली, वरून पांढरा रंग मारला. काम देखणं केलं होतं, खोटं कशाला बोलू. चार वाजता बाहेर अंधार पडला. कोपऱ्यावरच्या दुकानातून बटाट्याची पॅटी आणि चिप्स आणल्या, वर तो लाल तिखट मसाला भुरभुरला आणि खुर्चीत बसून खाल्ल्या. पाच वाजले. बॉयलर पेटला असणार, कारण पाइप गरम झाले. आवाज मात्र आला नाही.

त्याला बरं वाटलं. वाट बघायची नाही, आठवायचंही नाही. डोकं जड झालं, तर त्याला वाटलं दिवसभराच्या दमणुकीने. पाय जड झाले. डोळे मिटत आले. घड्याळात सात वाजायला वीस मिनिटं होती. ती वेळ त्याला पक्की आठवते.

तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ट्रेव. गार होतोय."

आता, नोरीनचा एक नियम होता. चहा ती करणार, पण पुढच्या खोलीत आणून देणार नाही. हातपाय धड आहेत ना, मग या आणि घ्या. त्रेचाळीस वर्षं तो उठून गेला होता. त्या संध्याकाळी नाही उठला. त्याने स्वतःला सांगितलं, ती नाहीये. बस इथेच. बरं वाटतंय.

गप्प झालं सगळं.

"ट्रेव..."

जवळून. खुर्चीच्या मागून.

"...ऊठ."

असं ती कधी म्हणत नसे. आणि आवाजात राग नव्हता. रडवेली होती ती.

तो उठला. जमीन तिरपी झाली. भिंत धरली. स्वयंपाकघरात अंधार. किटलीला हात लावला. गार. ओट्यावर कप नाही. कोणी नाही.

पांढरी पेटी गप्प उभी.

मग आतून...

चर्र.

चिकटपट्टी सोलताना येतो तो आवाज. सावकाश. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

थांबला.

चर्र.

त्याला मागचं दार सापडेना. कडी सापडेना. सापडली.

चर्र...

तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तो परसात पालथा पडलेला होता. गुरुवारी कचऱ्याची गाडी येते म्हणून बेव्ह डबा बाहेर काढत होती, तिने पाहिलं. रुग्णवाहिका आली. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास खुर्चीत बसला असता तर उठला नसता. आणि म्हणाले, तो धूर डोक्यात गेला की माणसाला नाही नाही ते ऐकू येतं. पटण्यासारखं आहे. मलाही पटलं होतं.

आठ दिवसांनी तो घरी आला आणि मी पेटी उघडायला गेलो. आधी स्क्रू बघितले. आठही डोक्यांवर लांबी जशीच्या तशी, रंग वाळून कडक झालेला, कुठे चरा नाही. सुरीने खरवडून काढावी लागली. फळी ओढली तर आतून गार वारं तोंडावर आलं. जाळी उघडी होती.

मी म्हटलं, उष्णतेने सुटून पडली असेल पट्टी. खाली हात घालून चाचपलं. खाली काही नव्हतं. मग वर बघितलं. बॉयलरच्या माथ्यावर ती ठेवली होती. तिन्ही थर वेगळे केलेले, एकापुढे एक लावून घट्ट गुंडाळलेले, दुकानातल्या रिळासारखे. आणि शेवटचं टोक बोटभर आत दुमडलेलं.

मी ती ट्रेव्हरच्या हातात दिली. त्याने ते टोक अंगठ्याने चाचपलं. मग म्हणाला, "मी कधी दुमडत नाही. त्यावरूनच भांडायची ती. म्हणायची, नंतर लागली तर नखाने शोधत बसायचं का?"

आणि तिथेच फरशीवर बसून तो माणूस ढसाढसा रडला. एप्रिलपासून पहिल्यांदा. मी बाहेर जाऊन गाडीत बसलो, मला बघवेना.

नवा बॉयलर मीच बसवला, आवाज म्हणून करत नाही. ती गुंडाळी त्याने ठेवलीय. मी मागे एकदा हातात घेऊन पाहिली. टोक अजून दुमडलेलंच आहे.