दीड तास आधीचा केर

या, जरा पुढे सरकून बसा. टाळ खाली ठेवा. आज अभंग नाही, कर्वेनगरातल्या आनंदीबाईंची गोष्ट सांगते.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही. केराबरोबर वाटेवरचं माणूसही झाडलं जातं, असा त्यांच्या सासरचा नेम. मुलगा गोपाळ बँकॉकला नोकरीला. दर खेपेला बाई विचारायच्या, "किती लांब रे?"

"एकोणतीसशे किलोमीटर, आई. चार तास."

ते चार तास केरसुणी दाराआड उभी.

त्या खेपेला गोपाळने आदल्या दिवशीच कळवलं, विमान सकाळी साडेआठला सुटेल. तिकडचं घड्याळ दीड तास पुढे. ती वजाबाकी करूनच त्याने वेळ सांगितली होती. बाईंनी पुन्हा दीड तास वजा केला. म्हणजे सातला सुटलं, अकराला टेकणार!

अकराला त्यांनी नामस्मरण करत घर झाडलं. देव भोळा असतो हो, पण उंबरा भोळा नसतो. केर भरला आणि बेल वाजली.

दारात गोपाळ. हातात बॅग नाही.

"झाला ना केर?" तो म्हणाला. "मग येऊ आत?"

बाईंचे डोळे भरून आले. चहा ठेवताना मात्र मनात पाल चुकचुकली. लोहगावच्या विमानतळावरून इथे यायलाच तास लागतो. साखरेच्या निमित्ताने त्या शेजारी नूरबानूंकडे गेल्या. नूरबानूंनी मोबाइलवर विमान शोधलं.

"वारज्याची बस कधी वेळेआधी आली नाही, आनंदीताई, आणि तुमचं विमान येणार? हे बघा, अजून समुद्रावरच आहे. साडेबाराला उतरेल."

"मग माझ्या घरात कोण बसलंय?"

नूरबानूंचं हसू मावळलं.

बाई परतल्या. चहावर साय धरली होती. तो केरसुणीकडे बघत होता.

साडेबाराला नूरबानू दारातूनच म्हणाल्या, "उतरलं."

बाईंनी गोपाळचा नंबर लावला. समोरच्याचा फोन टेबलावर होता. तो वाजला नाही.

कानात विमानाची घरघर. मग खूप लांबून गोपाळ म्हणाला, "आई, घाई करू नकोस. अजून केर काढू नकोस हं."

फोन तुटला. पुन्हा कधी लागला नाही.

समोरचा हसला.

महिना झाला. विमानातले सगळे उतरले, गोपाळही उतरला, असं कागद सांगतात. घरात बसलेला तो मात्र रोज सकाळी केरसुणी आणून देतो. "आई, आज काढतेस ना?"

बाई काढत नाहीत. फरशीवर धुळीचा थर बसलाय. घरात माणसं दोन, धुळीत पावलं मात्र एकट्या बाईंचीच.

संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा गोपाळची आठवण ठेवा. तो अजून पोचायचाय.