झुंबरबाईचं गप्प राहणं

रंगराव कपाशीच्या शेतातून घरी आला तेव्हा पाळणा थांबलेला होता आणि दोन्ही बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. थोरली गोजरबाई, रंगरावची बायको, पोराची आई. आणि धाकटी झुंबरबाई, त्याच्या वारलेल्या भावाची विधवा. पोराचं अंग गार पडलं होतं. पोराला काय पाजलं, एवढंच रंगरावनं विचारलं, तेही अगदी हळू. आणि त्या हळू आवाजाचीच गोजरबाईला भीती वाटली असावी, कारण मान वर न करता तिनं जावेकडे बोट दाखवलं.

"हिनं मिशनचं औषध पाजलं."

झुंबरबाईनं काहीच पाजलं नव्हतं. मलकापूरच्या मिशन दवाखान्यातून तिनं आदल्या दिवशी खोकल्याचं औषध आणलं होतं खरं, पण ते उघडलंही नव्हतं. पोराला दिली होती अफूची गोळी. वेचणीच्या दिवसांत पोरं निजून राहावीत म्हणून त्या गावातल्या आया मोहरीएवढी गोळी चाटवत. गोजरबाईनं सकाळी एक दिली, आणि पोर खोकून उठलं तेव्हा दुसरी, जरा मोठी. पोर हलेना तेव्हा तिनंच रडत रडत हे जावेला सांगितलं होतं.

तीन मुलींवर झालेला तो मुलगा. खरं बोललं तर गोजरबाईला या घरात जागा उरणार नाही, हे झुंबरबाईला दिसत होतं. आणखी एक गोष्ट तिच्या मनात होती. नवरा आजारी असताना तिचं मिशनमध्ये जाणंयेणं सुरू झालं, तो वारल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून घरात तिचं ताट वेगळं होतं. मिशनचे पाळक अर्जुनराव, मूळचे नगरकडचे, मागच्याच रविवारी उपासनेत म्हणाले होते की प्रभूच्या मागं जायचं तर आपल्यातला 'मी' मरू द्यावा लागतो, रोज, जिवंतपणी. झुंबरबाईला वाटलं, हीच ती घडी... आणि त्या भयंकर शोकातसुद्धा तिच्या अंतःकरणात एक विलक्षण तृप्ती दाटून आली. ती गप्प राहिली. दिवस मावळायच्या आत रंगरावनं तिला घराबाहेर काढलं.

मलकापुरात मिशनच्या आवारात तिला एक खोली मिळाली. दवाखान्यात पट्ट्या धुवायच्या, रोगी बायांना उठवायचं-बसवायचं, असं करता करता पाच वर्षं गेली. आवारातले लोक तिला शांत, सोशीक बाई म्हणून ओळखत. जावेचं गुपित तिनं कुणापाशीही उघड केलं नाही. तिच्या गावाहून मात्र दवाखान्यात कुणीच येत नसे. सासरची ती आठवण दुखरी होती म्हणून कुणी का येत नाही, याचा तिनंही कधी विचार केला नाही.

पाचव्या वर्षी, थंडीत, त्याच गावचा निवृत्ती आपल्या चार वर्षांच्या मुलीला बैलगाडीतून घेऊन आला. मुलीच्या छातीत कफ भरला होता, ओठ निळे पडले होते. तीन दिवस आधी आणली असती तर काही करता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. संध्याकाळच्या आत मुलगी गेली. निवृत्तीनं झुंबरबाईला ओळखलं होतं. रागावून नव्हे, नुसतं सांगावं तसं तो म्हणाला,

"आननारच होतो जी. पन गावात म्हनतात, तुमच्या हातच्या औषधानं रंगरावचा पोट्टा गेला. भेव वाटलं."

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई अर्जुनरावांकडे गेली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा सगळं बोलली. आपण जावेसाठी मेलो होतो, मग त्यातून हे विष कसं निघालं, असं तिनं विचारलं. अर्जुनरावांनी विचारलं, जावेसाठी ती प्रार्थना करते का. रोज करते, ती म्हणाली.

"काय मागता?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती थांबली. डोळे भरून आले.

"तिले समजावं... मी तिच्यासाठी काय केलं, ते."

आपल्यातला 'मी' मेला नव्हता, आपण त्याला पाच वर्षं जपून, न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं.

ती गावी गेली. गोजरबाई शेतात कापूस वेचत होती. तिला पाहताच गोजरबाईचे हात थांबले, चेहरा पांढराफटक पडला. झुंबरबाईनं वाकून तिचे पाय धरले.

"माफ करा मले, बाई. मनातल्या मनात पाच वर्षं तुमच्यावर उपकार चढवत बसली मी."

गोजरबाईला रडू फुटलं, ते तिला आवरेना. ती म्हणाली की घरात कुणी पाऊल टाकलं की वाटायचं, जाऊ आली, आता सगळं सांगते. पोराच्या नावानं धड रडणंसुद्धा जमलं नाही.

"तू बोलली असती तं त्याच दिवशी मोकळी झाली असती मी."

दोघी बांधावर एकमेकींना धरून कितीतरी वेळ बसल्या. मग गोजरबाई उठली, बांधापलीकडे औत हाकणाऱ्या नवऱ्यापाशी गेली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. झुंबरबाईला वाटलं होतं, तो हात उगारेल. रंगरावनं औत सोडलं आणि तो मातीकडे पाहत उभा राहिला.

"ठेक्याच्या दुकानातून अफू मीच आनत होतो," तो म्हणाला. "हे तुमच्यापैकी कोनीच काऊन म्हनत नाही?"

त्याच संध्याकाळी तो निवृत्तीच्या दारी जाऊन खरं काय ते बोलून आला. गावानं त्याला नावं ठेवली नाहीत. रंगराव खरा माणूस, गोजरबाई धीराची, असंच लोक म्हणाले. दोष राहिला तो झुंबरबाईवर. माहीत असून गप्प बसली, आणि निवृत्तीची पोरगी गेली.

त्या उन्हाळ्यात निवृत्तीची बायको आशाबाई तान्ह्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. त्या गावाहून आलेली ती पहिलीच बाई. झुंबरबाईनं मुलाला घ्यायला हात पुढं केले, पण आशाबाईनं त्याला छातीशी घट्ट धरलं.

"तू बोलली असती तं माही पोरगी वाचली असती."

"हाव," झुंबरबाई म्हणाली. "चुकलंच माह्यं."

त्यानंतर 'पण' म्हणून काही सांगावं, असं तिला वाटलं नाही. आशाबाई त्या 'पण'ची वाट पाहत राहिली. मग तिची मिठी सैल झाली, आणि तिनं मूल झुंबरबाईच्या हातात दिलं.