खिंडीतला शिल्लक दगड

तेहतीस वर्षं तलाठी होते मी. पंच नाहीत, सह्या नाहीत, तर शेजारणीनं सांगितलेलं बारसंसुद्धा मी खरं धरत नाही. म्हणून आधीच सांगते, जे पाहिलं तेवढंच इथं लिहितेय.

जानेवारीतला रविवार होता. यजमानांच्या, म्हणजे विरुपाक्षांच्या, हृदयात दोन स्टेंट बसवून तीन महिने झाले होते. तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान. चाळीस वर्षं दुकानात बसून हा माणूस चालणंच विसरला होता. डॉक्टर म्हणाले, चालवा त्यांना, सोप्या वाटेनं.

लिंबागणेशच्या पलीकडं दोन डोंगरांच्या मधे वनखात्यानं राखलेला एक पट्टा आहे. लांडगे, तरस, हरणं या डोंगरातून त्या डोंगरात जातात ती त्यातूनच. जाऊन येऊन चार किलोमीटर, लेकराबाळांनीही चालावं असं. गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही भाड्याच्या गाडीनं नऊला तिथं पोचलो.

वाट दाखवायला रामकिसन होता, रोजंदारीवरचा वनमजूर. साठीचा असेल, बोलायला भारी महाग. खिंडीच्या तोंडाशी एक सपाट शिळा होती. त्यानं आमच्या हातात एकेक दगड दिला, एक स्वतः घेतला.

"हितं ठिवा. येताना आपापला उचलायचा. कुनाचा ऱ्हायला तर गाव हुडकायला निघतं. गुराख्यांची रीत हाय."

मला तर ही रीत फार आवडली. हजेरीपुस्तकच की! पर्समधला मार्कर काढून मी तिन्ही दगडांवर अक्षरं घातली: म, वि, रा. शिळेच्या कडेला आणखी एक दगड होता, शेवाळानं काळा पडलेला.

"हा कुणाचा?"

"माझ्या भावाचा. हनुमानचा. मी शाळंत गेलतो त्या दिशी. शेळ्या घरी आल्या, त्यो न्हाई आला."

"मग इतकी वर्षं तसाच ठेवलाय?"

"दुसऱ्याचा उचलत न्हाईत, ताई."

विरुपाक्ष हसले. "महादेवी, तुझ्या दप्तरात असली नोंद नव्हती बघ." आणि खोकले. दुकानातल्या मिरचीच्या पोत्यांचा तो खोकला लग्नापासून आमच्या घरात नांदत होता.

वाट खरंच सोपी होती. वाळलेलं कुसळी गवत, हिवराची झाडं, कुठं कुठं मोराचं पीस. रामकिसननं धुळीतलं लांडग्याचं पाऊल दाखवलं, तर हे गुडघ्याची तक्रार विसरून खाली वाकले. पीस सापडलं की मला दाखवायला मागं यायचे. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. एवढं चालतोय माझा माणूस, अजून काय पाहिजे?

परतीच्या वाटेवर ते एका हिवराखाली बसले. तोंड पांढरं पडलं होतं, सदरा घामानं भिजलेला.

"महादेवी, थोडं..." म्हणाले आणि आडवे झाले.

फोनला रेंज नव्हती. रामकिसन गाडी आणायला पळाला. मी मनगट धरलं, गळ्याला बोटं लावून पाहिली. काही लागेना. टीव्हीत दाखवतात तशी छाती दाबली. रडले, त्यांनाच शिव्या घातल्या. शेवटी मोठ्यानं ओरडले, "कुणीतरी माझा माणूस परत द्या हो!"

हे मी लेखी द्यायला तयार आहे.

मोर ओरडायचे थांबले. शेळ्यांचा वास आला, ओल्या घोंगडीचा आला. माझ्या पाठीमागून घंट्या वाजत आल्या आणि अगदी जवळून पुढं निघून गेल्या. गवताची काडी हलली नाही. शेळी एकही नव्हती.

मग त्यांनी डोळे उघडले.

उठून उकिडवे बसले. मी बाटली पुढं केली तर त्यांनी ओंजळ धरली. बाटली रिकामी झाली तरी ओंजळ तशीच.

"चालवेल का?"

"हां."

माझ्या पुढं चालत निघाले. एकदाही खोकले नाहीत.

खिंडीत रामकिसन ड्रायव्हरला घेऊन येतच होता. हे सरळ शिळेपाशी गेले. काळा दगड उचलला आणि खिशात टाकला.

"अहो, तो नाही. तुमचा हा, 'वि'."

त्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

रामकिसन त्यांच्या खिशाकडं बघत राहिला, मग तोंडाकडं. बराच वेळ. मग त्यानं त्यांचा दंड धरला.

"दमला असशील," म्हणाला. "बस जरा."

त्याचं अरे-तुरे मला खटकलं. पण माझं चित्त कुठं ठिकाणावर होतं? मी 'वि' उचलायला वाकले, तर त्यानं हात आडवा घातला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ऱ्हाऊ द्या, ताई. दुसऱ्याचा उचलत न्हाईत."

डॉक्टर तर चाट पडले. म्हणाले, तिशीतल्या माणसासारखं हृदय चालतंय. हे आता दुकानात बसत नाहीत, पहाटे उठून फिरायला जातात. रामकिसन महिन्यातून एकदा येतो आणि दोघं ओट्यावर बसतात. मी कशाचाच पंचनामा केला नाही. माणूस माझ्या हातचं जेवतोय, शेजारी श्वास ऐकू येतोय. देणाऱ्यानं मला भरभरून दिलं आणि मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

दर सोमवारी देवळात जाते म्हणून सांगते आणि त्या शिळेपाशी जाते. 'वि'जवळ भाकरी आणि पाण्याची बाटली ठेवते, हात जोडते. घरी हे कुणालाच माहीत नाही.

परवा मी निघाले तेव्हा हे दारापर्यंत आले. हातात भरलेली दुसरी बाटली होती.

"ही बी ने," म्हणाले. "तिथं लई तहान लागती."