ग्रहपत्त्यांतून पहिलं कोण गेलं?

ज्या खेळाला कुणीही नावं ठेवत नाही, तो खेळ सगळे सोडून का जातात?

हे कोडं पडलं होतं चंद्रावरच्या सोमवाडीत, आणि पडलं होतं चोख नावाच्या यंत्रमानवाला. चोख विचारात पडला की त्याच्या कपाळावरचा निळा दिवा लुकलुकायला लागे. हल्ली तो दिवा विझतच नव्हता. मुलं त्याला 'लग्नघर' म्हणून चिडवू लागली होती.

सोमवाडी म्हणजे चंद्राच्या खडकाखाली वसवलेली वस्ती. अशा पाच वस्त्या चंद्रावर होत्या, पण एकमेकींपासून फार दूर. बाहेर हवा नाही आणि वरून सूर्याचे घातक किरण, त्यामुळे "आई, जरा मैत्रिणीकडे जाऊन येते" असं म्हणत चपला घालून निघण्याची सोय नव्हती. मुलांनी एकमेकांत खेळावं म्हणून चोखने पडद्यावर खेळायचे 'ग्रहपत्ते' तयार केले होते. चार ग्रहांची पानं, एक ग्रह हुकमाचा, जास्त हात करील तो जिंकला. पानं इतकी देखणी की शनीची कडी हळूहळू फिरताना दिसायची. पिसणं अगदी प्रामाणिक. चोखच्या खेळात लबाडीला जागाच नव्हती.

सोमवाडीची बारा वर्षांची जुईली गावंडे या खेळात पहिली होती. चंद्रावर पहिली! हे ती स्वतःहून कुणाला सांगत नसे. समोरच्याने विचारलंच नाही तर मात्र सांगत असे. पण हल्ली ती रोज संध्याकाळी पडद्यासमोर एकटीच बसून राही. खेळायला समोर कुणी येतच नव्हतं. शेवटपर्यंत येत राहिला तो चंद्राच्या ध्रुवाजवळच्या वस्तीतला ओजस. त्या दोघांनी एकमेकांना प्रत्यक्ष कधीच पाहिलं नव्हतं, तरी तो तिचा सगळ्यात जवळचा मित्र होता. पत्ते खेळता खेळता त्यांच्या गप्पा रंगत. मग एके दिवशी ओजसही यायचा थांबला.

त्यात चोख वाईट बातमी घेऊन आला.

"वस्त्यांच्या समितीने ठरवलंय," तो म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत मुलं परत आली नाहीत, तर खेळाची संपर्कवेळ (वस्त्यांना जोडणारी लहरींची वाट वापरायला मिळणारा वेळ) धूळ मोजणाऱ्या यंत्रांना द्यायची."

"म्हणजे ओजसशी बोलायचंच नाही?"

"फक्त शाळेच्या कामापुरतं."

धुळीशी जुईलीचं भांडण नव्हतं, पण धूळ काही तिला विनोद सांगणार नव्हती.

"मी सोडून गेलेल्या प्रत्येकाला कारण विचारलं," चोख म्हणाला. "सगळे म्हणाले, खेळ छान आहे. मी नवी पानं आणली, संगीत घातलं, बक्षिसं ठेवली. दोन दिवस गर्दी झाली आणि पुन्हा सामसूम."

"नलूआजींना विचारू या," जुईली म्हणाली.

नलूआजी कुणाची सख्खी आजी नव्हती, म्हणून ती सगळ्यांची आजी होती. तरुणपणी तिने गडचिरोलीच्या जंगलांचा अभ्यास केला होता आणि आता ती सोमवाडीच्या भुयारात भाज्या पिकवत होती. दोघं गेले तेव्हा ती मेथीच्या वाफ्यावर वाकली होती.

"काय झालं व पोरी? तोंड काहून पाडून बसली?"

जुईलीने सगळं सांगितलं. आजीने मातीचे हात झटकले.

"काहून गेले, हेच विचारून राहिले तुम्ही. पहिलं कोण गेलं, ते पाहिलं का?"

"त्याने काय फरक पडतो?" चोख म्हणाला. "गेलेले सगळे सारखेच."

"बाप्पा! जंगलात लोक हीच चूक करतात. मोठाले साग पाहून म्हणतात, वा, काय जंगल आहे! अरे, पण खाली पाहा ना. खाली एक रोपटं नसलं, तर ते जंगल म्हातारं होऊन राहिलं. सांग पाहू, पहिलं कोण गेलं?"

चोखने आठवणी चाळल्या. "पहिली गेली ओजसची बहीण मिठी. वय वर्षं सहा. मग तिच्याएवढी इतर मुलं. त्यानंतर गेले ते या लहानांशी जिंकणारे. अचानक ते हरायला लागले होते."

"त्यांचा खेळ बिघडला होता?" जुईलीने विचारलं.

"नाही. खेळ होता तसाच होता. हेच मला कळत नाही."

आजी हसली. "वस्तीतल्या पोट्ट्यांना बोलव. कळते आत्ताच."

मुलं टुणटुणत आली. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली ओढणारं बळ) पृथ्वीपेक्षा सहापट कमी, त्यामुळे तिथे कुणी सरळ चालतच नाही. आजीने सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. सगळ्यात उंच जुईली, ती टोकाला.

"आता मी टाळी वाजवीन. रांगेत जो सगळ्यात बुटका असेल त्याने खाली बसायचं."

टाळी वाजली. सगळ्यात लहान पोरगं बसलं. पुन्हा टाळी. आता त्याच्या शेजारची मुलगी बुटकी ठरली. "मी कुठे बुटकी आहे?" असं पुटपुटत तीही बसली. टाळीमागून टाळी वाजत गेली. मघाशी उंचांत मोडणारी मुलं एकेक करून बुटकी ठरत गेली आणि बसली. उंची कुणाचीच कमी झाली नव्हती. शेवटी उभी राहिली एकटी जुईली.

"आता सगळ्यात उंच कोण?" आजीने विचारलं.

"मी!"

"आणि सगळ्यात बुटकी?"

जुईलीने शेजारी पाहिलं. रांगेत दुसरं कुणी नव्हतंच.

"समजलं!" चोख म्हणाला आणि त्याचा निळा दिवा पहिल्यांदाच शांत झाला. "तळाचा खेळाडू रोज हरतो, कंटाळून जातो. तो गेला की त्याच्या वरचा तळाला येतो. मग तोही हरू लागतो आणि जातो. जाण्यामुळेच आणखी जाणं होतं."

"याला प्रत्याभरण म्हणतात (एखाद्या गोष्टीचा परिणामच तिचं पुढचं कारण होणं)," आजी म्हणाली. "आणि खेळ जितका रिकामा, तितकी खेळायला जोडीदाराची वाट पाहणं जास्त. म्हणून खेळाला एक उंबरठा असतो. माणसांची संख्या त्याच्याखाली गेली, की गळती आपोआप वाढते. मग पानं सोन्याची करा, कोणी थांबत नाही."

"पण मी बरोबरीचे जोडीदार द्यायचो," चोख तक्रारीच्या सुरात म्हणाला.

"बरोबरीचे द्यायला माणसं भरपूर लागतात बाबू. पृथ्वीवर कोट्यवधी आहेत. इथे मूठभर पोट्टे. यांच्यात सगळ्यात कच्चा कोणीतरी असणारच. त्याला कसं ठेवायचं, तेच शिकायला पाहिजे."

"कसं?"

"आमच्या गल्लीत पत्ते असोत की लपाछपी, सगळ्यात लहान पोट्टं आम्ही लिंबू-टिंबू धरायचो. त्याने खेळायचं, पण त्याच्यावर राज्य नाही. चुकीचं पान पडलं, तर उचलून घ्यायचं. हरला तर ते हरणं मोजायचं नाही. शिकला, की आपोआप खरा गडी व्हायचा."

चोख म्हणाला, "मी जगातल्या सगळ्या पत्त्यांच्या खेळांचे नियम वाचले. हा नियम कुठेच नाही."

"लिहिणार कोण? सगळ्यांना ठाऊकच होता."

"पण हा अन्याय आहे. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा?"

"आहेच मुळी. तुझा खेळ न्यायाने चालला, आणि एकटी जुईली उरली. आमचा थोडा अन्यायाने चालायचा, आणि अंधार पडला तरी कोणी घरी जायला तयार नसायचं."

चोख खेळात लिंबू-टिंबूची सोय करायच्या कामाला लागला. जुईलीने मात्र त्याआधी शाळेच्या वेळेत ओजसला गाठलं.

"तू खेळ का सोडलास?"

"छान आहे गं खेळ."

"ते नको. खरं सांग."

ओजस म्हणाला, "आधी मी तुझ्याशी हरायचो, पण दुसऱ्या कुणाशी तरी जिंकायचो. मग तळाला मीच उरलो. रोज हरायलाच यायचं म्हणजे… नको वाटायला लागलं. तुला सांगायची लाज वाटली."

जुईलीला फार वाईट वाटलं. तिने रोज जिंकल्याचा हिशेब ठेवला होता, आणि मित्राचा चेहरा उतरत चालला होता तो काही तिला दिसला नव्हता. "आज ये," ती म्हणाली, "आणि येताना मिठीला आण. तिच्याशिवाय जमणार नाही."

"तिला खेळता येत नाही!"

"म्हणूनच."

त्या संध्याकाळी मिठी आली. ती हुकमाचं पान पहिल्याच उतारीला टाकून मोकळी झाली, मग ओरडली, "नको नको, परत द्या!" चोखने पान परत दिलं. नियम मोडताना त्याचा दिवा एकदा लुकलुकला, पण पान दिलं. मिठीने आपली सगळी पानं सगळ्यांना दाखवली, शनीच्या कड्यांकडे बघत बसली, एक हात केला आणि असा जल्लोष केला की ओजसला हसू आवरेना. तो स्वतः हरला होता, हे त्याला डाव संपल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मिठीने मैत्रिणी आणल्या. लहान आले, तसे त्यांना शिकवायला थोडे मोठे आले, आणि त्यांच्याशी दोन हात करायला आणखी मोठे. गळती जशी तळातून सुरू झाली होती, तशी भरतीही तळातूनच झाली. महिनाअखेरीस समितीने पाहिलं तर पाचही वस्त्यांत एकच गलबला चालला होता. धुळीला दुसरी वेळ शोधावी लागली.

एका संध्याकाळी डाव संपल्यावर मिठी पडद्याजवळ आली. आता ती पानं लपवून धरायला शिकली होती.

"जुईलीताई, मी खरी गडी झाले की लिंबू-टिंबू कोण?"

"तुझ्यापेक्षा लहान असेल ते."

"माझ्यापेक्षा लहान तर चंद्रावर कुणीच नाही."

जुईली विचारात पडली. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"ते बाळ अजून जन्मलं नाही, मिठी."

"मग आपण त्याची वाट बघायची?"

"हो," जुईली म्हणाली आणि तिने चोखला पानं पिसायला सांगितली. "खेळत खेळत बघायची."