आत ओढलेला होकार

माझी सून पर्निला पोराला सुखानं जेवू देत नसे. ताटात बटाट्याचे गरम उंडे, वर लोणी वितळतंय, आणि ही बया समोर फोन धरून बसलेली. पोरानं घास घेतला की फोन त्याच्या हनुवटीशी. चावला की आणखी जवळ. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही, तरी सांगितलं, "अगं, ते काय रानात दिसलेलं अस्वल आहे का, टिपून ठेवायला?"

"डॉक्टरांना दाखवायचंय," ती म्हणायची. आवाज चढवायची नाही, उलटून बोलायची नाही, पण फोन काही खाली जायचा नाही. देशाच्या दक्षिणेकडची ती, आम्ही पार उत्तरेच्या बर्फातले. तिकडची माणसं तोंडात लापशी धरून बोलल्यासारखी बोलतात आणि मनाला येईल तेच करतात.

विल्गॉट साडेचार वर्षांचा. माझ्या रूनेचा एकुलता एक. रूने लाकूड वाहायचा ट्रक चालवतो, आठवडाभर बाहेर असतो, शनिवारी येतो तो झोपायलाच. म्हणजे घरात आम्ही तिघंच.

पोराचं काय व्हायचं, तर बसल्या बसल्या त्याची हनुवटी वर उडायची, भुवया चढायच्या, आणि ओठांच्या फटीतून ते चटकन हवा आत ओढायचं. श्शुप्. झालं. मग परत आपल्या खेळात.

आता आमच्या नदीकाठी 'हो' असंच म्हणतात. नवरा विचारतो, गुरांना पाणी पाजलंस का? बायको हवा आत ओढते. झालं उत्तर. माझी आई तसंच म्हणायची. मी लग्नात चर्चमध्येही तसंच म्हणाले, तेव्हा बाहेरगावचा पाद्री माझ्या तोंडाकडं बघत थांबला होता, हो म्हणते का नाही म्हणते म्हणून. थंडीत शब्द वाया घालवायची आमच्यात रीत नाही.

म्हणून मी म्हणाले, "पर्निला, हो म्हणतोय तो. आमच्या घरचं पोर, आमच्यासारखं हो म्हणतंय. ह्यात आजार कुठं दिसला तुला?"

तिनं पहिल्यांदाच फोन खाली ठेवला. "पण टेक्ला, त्याला विचारलं कुणी?"

मी म्हणाले, बटाटा गार होतोय.

मग दवाखाने सुरू झाले. पोराचं रक्त काढलं, कान बघितले, डोळे बघितले, डोक्याला तारा लावून झाल्या. एकेका दवाखान्यापायी अख्खा दिवस मोडायचा. जाताना अंधार, येताना अंधार, दोन्ही बाजूंना बर्फ, मागच्या सीटवर पोर झोपलेलं आणि पुढं आम्ही दोघी. रस्त्यात रेनडियरचे कळप आडवे येतात, एकट्या बाईचे डोळे पुरत नाहीत, म्हणून मी जायची. नाहीतर मला काय पडलं होतं! बाहेरच्या बाकावर बसून बसून माझी कंबर गेली. प्रत्येक डॉक्टर आजाराला वेगळं नाव द्यायचा आणि पुढची तारीख द्यायचा.

"पण कारण काय?" पर्निला प्रत्येकाला विचारायची. हळूहळू तिचा तो प्रश्नही थकून गेला. दारातून बाहेर पडता पडता, कोटाची बटणं लावता लावता विचारायची, उत्तराची वाट न बघता.

नोव्हेंबरात आमची भाकऱ्यांची पाळी आली. गावाची भाजायची खोली एकच, दगडी भट्टीची. मी आणि शेजारची आन-सोफी वर्षानुवर्षं मिळून भाजतो. आन-सोफी नवऱ्याला सोडून पोरीला घेऊन माहेरच्या घरी आलेली. जीभ माझ्याइतकीच तिखट, म्हणून आमचं जमतं. तिची तूवा पाच वर्षांची. तिलाही उन्हाळा सरल्यापासून हेच चालू होतं. नदीच्या खालच्या अंगाला एका घरात जुळी आहेत, त्यांनाही. आया फोनवर तासन्‌तास त्यावरच बोलायच्या.

मी लाटत होते. बार्लीची भाकरी पलीकडचं दिसेल इतकी पातळ लाटायची आणि पक्ष्याच्या पंखानं वरचं पीठ झाडायचं. आन-सोफी लांब काठीनं भट्टीत सोडत होती आणि पाद्रिणीच्या नव्या दातांची गोष्ट सांगत होती. पर्निला ओट्याशी भाकऱ्या घडी करत होती. विल्गॉट आणि तूवा टेबलाखाली पिठाचे गोळे घेऊन बसलेली, एकमेकांकडं पाठ करून.

आधी चारही हात थांबले. मग दोन हनुवट्या एकदम वर गेल्या. दोघांचा मिळून एकच श्वास. श्शुप्.

"एकमेकांच्या नकला करतात, माकडं," आन-सोफी हसली.

पाठीला डोळे नसतात. भट्टीत लाकूड तडकत होतं. थोड्या वेळानं परत तेच. आधी हात थांबले. दाराबाहेरून कुणी काही म्हटलं आणि नीट ऐकू आलं नाही की माणूस जसा हातातलं काम थांबवतो, अगदी तसे. मग उत्तर.

माझी भाकरी करपली. माझी भाकरी करपत नाही.

शेवटी किनाऱ्यावरच्या शहरात एक तरुण डॉक्टरीण भेटली. बरी होती बिचारी. म्हणाली, "मूळ मला सापडलेलं नाही. पण थांबवायला शिकवता येतं." तिनं पोराला समोर बसवून धडा दिला. आतून श्वास ओढावासा वाटला की ओठांचा चंबू करायचा आणि हळूहळू बाहेर फुंकायचं, गरम सूप निववल्यासारखं. एकाच वेळी माणूस आत ओढू शकत नाही आणि बाहेर सोडूही शकत नाही. म्हणजे सवय मोडते.

तूवा आधी शिकली. खिडक्यांतून नाताळचे तारे लागले तोवर ती अगदी गप्प झाली. आन-सोफी केशराचे पाव घेऊन आली, आणि पर्निला आमच्या कॉफीच्या टेबलाशी बसून रडली. हेव्यानं का आनंदानं, तिचं तिला माहीत. "आपलाही बरा होईल," ती विल्गॉटच्या केसांतून हात फिरवत म्हणत राहिली.

दोन-चार दिवसांनी मी आन-सोफीचं भांडं परत द्यायला गेले. तूवा भिंतीकडच्या बाकावर चित्र काढत होती. शहाणी, सरळ बसलेली. मी गाल ओढला तरी हसली नाही, पण काही मुलं नाही हसत. आन-सोफी माझ्याकडं पाठ करून बटाटे सोलत होती. मी खुर्चीत टेकले, मोजे गुडघ्यापर्यंत ओढले. तेवढ्यात आन-सोफीची हनुवटी वर गेली.

श्शुप्.

मला वाटलं मलाच उत्तर दिलं. पण मी अजून तोंडच उघडलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"कुठं काय?" ती म्हणाली. साल पाण्यात पडली. जरा वेळानं पुन्हा तसंच. ती वळली तेव्हा दिसलं, डोळ्यांखाली तिच्या काळं झालं होतं.

तूवाच्या बाकासमोर एक खुर्ची ओढून ठेवलेली होती, कुणी जवळ बसून तिच्याशी बोलत असावं अशी. आन-सोफीनं जाता जाता ती गुडघ्यानं ढकलून टेबलाखाली सारली. न बघता. बाईमाणूस दिवसातून पन्नासदा करायचं काम जसं करते, तसं.

"कोण बसलं होतं गं?"

"इथं कोण येतंय मरायला!" ती म्हणाली. मग सुरी धुतली, पुसली, परत धुतली. "टेक्ला, पोरगी आता उत्तर देत नाही. मग कुणीतरी द्यायला नको का?"

मी भांडं टेबलावर ठेवलं आणि निघाले.

घरी आले तर पर्निला आत चुलीवरच्या दोरीला कपडे वाळत घालत होती. मी विल्गॉटला पक्ष्यांना टिपायला ओटच्या कणसांची पेंढी बांधायला अंगणात नेलं. पोर दोरी धरून उभं होतं. मी गाठ मारता मारता विचारलं, "काय रे, हो हो कुणाला म्हणतोस?"

"विचारतं त्याला."

"काय विचारतं?"

"आहेस का, असं."

"आणि नाही बोललास तर?"

त्यानं नाक हातमोज्याला पुसलं. "मग बघायला येतं," म्हणाला, आणि गाठ सैल झाली म्हणून मलाच रागावला.

मी पर्निलाला सांगितलं. सांगताना माझ्याच कानाला ते खुळं वाटत होतं, आणि खुळं बोलायची मला सवय नाही. तिनं चिमटे दोरीला लावणं थांबवलं नाही. "तुम्हीच भरवता त्याच्या डोक्यात. आमच्याकडं असं, आमच्याकडं तसं. मी इतके महिने वणवण केली, टेक्ला. मला एक बरं झालेलं पोर हवंय. एवढंच."

"ते फुंकायचं थोडे दिवस बंद ठेव."

"नाही," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी दुपारी दोनलाच काळोख पडला. रूने बर्फात वाटेत अडकलेला. उशीर होईल असा त्याचा निरोप आला होता. सकाळपासून विल्गॉटनं एकदाही श्वास ओढला नव्हता. आतून ओढ आली की ओठ पुढं काढायचा, फुंकायचा, आणि आईकडं बघायचा. पर्निलाचा चेहरा उजळला होता. इतक्या महिन्यांत मी तिला गाणं गुणगुणताना ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी ऐकलं. तिच्यासाठी बरं वाटलं, खोटं का बोलू.

पण प्रत्येक फुंकरीनंतर जी शांतता व्हायची, ती मला सोसेना. जेवणाच्या पानावर कुणी काही विचारावं आणि सगळ्यांनी मान खाली घालून बसावं, तशी शांतता. आम्ही त्याला उद्धटपणा म्हणतो.

मी सूप वाढलं. बाहेर ओसरीवर कुणीतरी बूट आपटले. बर्फ झाडायला आपटतात तसे. एक पाय, मग दुसरा.

"रूने आला!" पर्निला उठली आणि दार उघडलं.

ओसरी रिकामी होती. पायऱ्यांवर संध्याकाळचं नवं बर्फ, बोटही न लागलेलं. ती क्षणभर अंधारात बघत राहिली, मग दार लावून आली. "छपरावरनं पडलं असेल," म्हणाली.

दाराच्या आतल्या पायपुसण्यावर बर्फाचे दोन गोळे होते. ते वितळत नव्हते. घरात चूल ढणढणत असून वितळत नव्हते.

विल्गॉटनं ओठ पुढं काढले. पण फुंकर निघेना. डोळे टेबलाच्या टोकाकडं लागलेले. तिथली खुर्ची थोडी बाहेर ओढलेली होती. मी ती ओढली नव्हती.

"फुंक, राजा," पर्निला हळूच म्हणाली. "जमतंय तुला."

त्यानं ओठ परत मिटले.

खुर्ची आणखी थोडी त्याच्या बाजूला आली. लाकडावर लाकूड घासल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

मग मला ते ऐकू आलं. कानानं नाही. दुसऱ्या खोलीत कुणी आपलं नाव घेतलं की मानेवर जे कळतं, तसं. साधा प्रश्न होता. रागाचा नव्हता. फार वेळ वाट बघून थकलेला होता.

माझी हनुवटी वर गेली. मी हवा आत ओढली.

श्शुप्.

पायपुसण्यावरचं बर्फ पाणी झालं. विल्गॉटनं चमचा सुपात बुडवला आणि भुकेजल्यासारखा खाऊ लागला.

पर्निला माझ्याकडं बघत उभी होती. तोंडावर हात. "तुम्ही... टेक्ला, हे काय केलंत?"

मी बोलणार, एवढ्यात पोर घास गिळून मध्येच म्हणालं, "आजी, आता ते विचारतंय, अजून कोण कोण आहे."

खुर्ची वळली होती. तिची पाठ आता माझ्याकडं, आणि बसायची बाजू पर्निलाकडं.

पर्निलाची हनुवटी हलली. अगदी थोडी. दक्षिणेकडच्या बाईची.

तिलाही आन-सोफीसारखं जन्मभर हो देत बसू द्यायचं नव्हतं मला. मी टेबलावर मूठ आपटली. पर्निलाच्या डोळ्यांत डोळे घालून, घरातल्या कानाकोपऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "तू माझी कुणी नव्हेस, पर्निला. हे पोरही माझ्या घरचं नव्हे. वाटसरू आहात, सूप प्यायलात, आता कोट घाला आणि निघा. या घरात मी एकटी राहते."