ज्या पेशी उजळायला नको होत्या

मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत मी घाईघाईनं शिरले आणि थेट कुणाच्या तरी पायावर पाय दिला.

"यंत्र त्या बाजूला आहे," अंधारातून शांत आवाज आला. "हा माझा पाय."

"सॉरी... लागलं का?"

"थोडं. सांगण्यासारखं नाही."

तो नवा मायक्रोस्कोपवाला होता. दिवसभर अंधारात बसून चमकणाऱ्या पेशी बघतो, म्हणून सगळे त्याला काजवा म्हणत. त्यानं माझी डिश भिंगाखाली ठेवली, निळा प्रकाश सोडला... आणि पडदा हिरवागार झाला.

"वा! काय सुंदर दिसतंय!"

"सुंदर आहे," मी रडवेली झाले, "पण चुकलंय!"

माझं काम एका प्रमोटरवर होतं. प्रमोटर म्हणजे जनुकाच्या पुढ्यात बसलेला स्विच. माझा स्विच फक्त चेतापेशींत चालू व्हायला हवा होता. निरुपद्रवी केलेल्या विषाणूबरोबर तो स्विच आणि हिरव्या प्रथिनाचं जनुक मी पेशींत सोडलं होतं. म्हणजे हिरव्या व्हायच्या त्या फक्त चेतापेशी. इथे तर त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशीसुद्धा झगमगत होत्या! महिनाअखेरीला माझ्या गाईड मॅडमना निकाल दाखवायचा होता. नाही जमलं, तर दीड वर्षाचं काम पाण्यात.

"विषाणू किती घातलात?" त्यानं विचारलं.

"भरपूर. कमी पडायला नको म्हणून."

"माझ्या आईचं जेवायला वाढणं असंच असतं," तो हसला. "एकेका पेशीत स्विचच्या शेकडो प्रती घुसल्या, तर नको तिथेही थोडं गळणारच. दहापट कमी करून बघा. मग शंभरपट."

मी नव्या डिश लावल्या. आणि रोज दुपारी त्या घेऊन त्याच्या खोलीत जाऊ लागले.

"आज काय म्हणतायत पेशी?"

"झोपल्यात."

"आणि तुम्ही?"

"मी... मी जागी आहे," मी म्हणाले, आणि मग उरलेला दिवसभर स्वतःच्या अकलेला हात जोडत बसले.

तो माझ्या शेजारच्या स्टुलावर तासभर बसायचा. पडद्याच्या उजेडात त्याच्या पापण्या दिसायच्या. पण हसून तर तो सगळ्यांशीच बोलायचा... मग मी काय समजायचं? की काही समजायचंच नाही?

"तुला आवडतो का तो?" घरी ताईनं सरळच विचारलं.

"माहीत नाही गं."

"मग भाजी का करपली?"

"लक्ष नव्हतं."

"ते कुठे होतं, तेच विचारतेय!"

मॅडम म्हणतात, तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. म्हणून मी हृदयाच्या पेशींवर काम करणाऱ्या मैत्रिणीला गाठलं. "काजवा तुझ्याजवळ किती वेळ बसतो गं?"

"बसतो? यंत्र लावून देतो नि सटकतो."

आणखी दोघींना विचारलं. उत्तर तेच. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं, पण गोंधळ उलट वाढलाच. त्याला माझी दया येत असेल? की मी यंत्र बिघडवीन अशी भीती वाटत असेल?

आठव्या दिवशी शंभरपट पातळ केलेली डिश ठेवली. पडदा काळा... काळाच. मग एका कोपऱ्यात चेतापेशीची हिरवी फांदी फुटली. तिला लांबच लांब शेपूट. मग दुसरी. मग कितीतरी! आणि मधल्या आधारपेशी – काळ्याकुट्ट, चिडीचूप.

"बघ! अरे, बघ ना!" मी त्याचा हात घट्ट धरला.

आपण त्याला 'अरे' म्हटलं, हे मला नंतर कळलं. हात सोडायचा राहिला, हे त्याच्याही नंतर.

"तुम्ही बाकी कुणाजवळ बसत नाही," मी कसंबसं म्हटलं. "माझ्याजवळच का? मी यंत्र मोडीन म्हणून?"

"पहिले दोन दिवस मी स्वतःला तसंच सांगितलं. पण मला एक सांगा... पेशी चमकायला आठवडा लागतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग रोज का येत होतात?"

उत्तर होतं, पण ते मलाही त्याच क्षणी कळत होतं...

"पेशी बघायला," मी म्हणाले.

"खोटं."

"हो," मी म्हणाले. "खोटं."

तो खाली बघून हसला. त्याचा अंगठा माझ्या बोटांवरून हलकेच फिरला, आणि आम्ही दोघंही बराच वेळ पडद्याकडेच बघत राहिलो, पडद्यावर नवीन काही घडत नसताना.

मॅडमनी चित्रं पाहिली, चष्मा काढून पुन्हा पाहिली, आणि "चालू ठेव" एवढंच म्हणाल्या. मी जिना धावतच उतरले. तो खाली उभा होता. तेवढ्यात ताईचा फोन.

"जमलं?"

"जमलं! ताई, रविवारी जेवायला एकजण येतोय."

"कोण?"

मी तोंड उघडलं. मित्र? मायक्रोस्कोपवाला? काजवा? एकही शब्द धड बसेना. शेवटी मी फोनच त्याच्या हातात दिला.

त्यानं घसा खाकरला. कान लालबुंद झाले होते.

"नमस्कार, ताई," तो म्हणाला. "मी... तुमच्या बहिणीचा आहे."